मूळ नक्षत्रापासून ढालीपर्यंत

नेदरलंड्सच्या मध्याला वेलूवे नावाचा वाळूचा, खुरट्या झुडपांचा माळ आहे. या माळावर कोटवाइक इथे दुसरे महायुद्ध संपल्यावर साडेसात मीटर व्यासाची एक धातूची थाळी आभाळाकडे तोंड करून उभी होती. ती मूळची जर्मन सैन्याची. विमाने हेरणाऱ्या रडारसाठी जर्मनांनी अशा थाळ्या जागोजागी मांडल्या होत्या. युद्ध हरल्यावर त्या तिथेच राहिल्या आणि डच टपाल-तार खात्याने त्यांतल्या काही ताब्यात घेतल्या. आभाळाच्या चालीबरोबर थाळी आपोआप सरकत नसे. दर काही मिनिटांनी कोणीतरी उठायचे, हँडल फिरवून थाळी जराशी पुढे न्यायची आणि पुन्हा कागदावर उमटणाऱ्या रेघेकडे बघत बसायचे. दिवसा हेच आणि रात्रीही हेच.

ही माणसे आकाशगंगेतला हायड्रोजन शोधत होती. आपली आकाशगंगा नेमक्या कोणत्या आकाराची आहे, हे त्यांना हवे होते. त्यांना जे सापडले त्याचा खरा अर्थ लागायला पुढे जवळपास चाळीस वर्षे गेली. अर्थ लागला तेव्हा कळले, की आपल्या आकाशगंगेच्या मध्यातून ताऱ्यांचा एक भला थोरला दांडा आरपार गेलेला आहे आणि आपण त्याच्याकडे तिरक्या कोनातून पाहत आलो आहोत.

असा दांडा दिसतो कसा, हे समजायला दुसऱ्या एखाद्या दीर्घिकेकडे पाहावे लागते. यमुना तारकासमूहात, सहा कोटींहून जास्त प्रकाशवर्षांवर, एनजीसी १३०० नावाची दीर्घिका आहे. जॉन हर्शेल दक्षिण आफ्रिकेतल्या केपमध्ये मुक्कामाला असताना १८३५ साली त्यांना ती सापडली. हबल अंतराळ दुर्बिणीने घेतलेले तिचे छायाचित्र २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मी कितीदा पाहिले असेल याची मोजदाद नाही. मधोमध जुन्या ताऱ्यांचा पिवळसर, सरळ दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना जणू काटकोनात वळण घेऊन निघालेले दोन निळसर बाहू, त्यांवर नव्या ताऱ्यांचे गुलाबी ठिपके. दांड्याच्या लांबीने धुळीच्या दोन काळ्या रेघा आत उतरतात आणि अगदी मध्याशी पोचल्यावर वळतात. तिथे, दांड्याच्या पोटात, आणखी एक चिमुकली सर्पिल तबकडी आहे. चिमुकली म्हणायची ती दीर्घिकेच्या मानाने, कारण तिचा व्यास ३,३०० प्रकाशवर्षांचा आहे.

अशा दीर्घिका वेगळ्या काढल्या त्या हेबर कर्टिस यांनी. लिक वेधशाळेतल्या काचेच्या प्लेटा तपासताना काही तेजोमेघांच्या वर्तुळातून आडवी रेघ गेलेली त्यांना दिसली. ग्रीक ‘फाय’ हे अक्षर तसेच असते, म्हणून १९१८ साली त्यांनी यांना फाय प्रकारचे सर्पिल म्हटले. १९२६ मध्ये एडविन हबल यांनी दीर्घिकांची वर्गवारी मांडली, तेव्हा साधे सर्पिल एका बाजूला आणि दंडयुक्त सर्पिल दुसऱ्या बाजूला अशी जोडरांग लावली. पुढे ती आकृती चिमट्यासारख्या ध्वनिकाट्याच्या रूपात सगळ्या पाठ्यपुस्तकांत गेली.

मग आपण कोणत्या रांगेत? हा प्रश्न विचारायला सोपा होता, पण उत्तर मिळवायचा रस्ता बंद होता. वारीत चालणाऱ्या वारकऱ्याला पुढची दिंडी दिसते, मागच्या टाळांचा आवाज येतो, पण अख्खी वारी दिवेघाटात कशी वळली आहे ते त्याला दिसत नाही. ते पाहायला घाटमाथा लागतो. आपल्याला घाटमाथा नाही. शिवाय वाटेत धूळ आहे. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी दाखवून दिले, की ताऱ्यांमधली धूळ प्रकाश गिळते. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाचे लाख कोटी कण आपल्याकडे यायला निघाले, तर पोचतो त्यांतला एखादा.

धुळीतून पार होईल असे काहीतरी हवे होते. त्याची कल्पना निघाली ती युद्धाच्या ऐन काळोखात.

यान ऊर्ट हे लायडनचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ. आकाशगंगा स्वतःभोवती फिरते, आणि तिचे आतले भाग बाहेरच्यांपेक्षा लवकर फेरी पुरी करतात, हे त्यांनी १९२७ मध्ये ताऱ्यांच्या वेगांवरून सिद्ध केले होते. जर्मनांनी देश व्यापला आणि विद्यापीठातल्या ज्यू प्राध्यापकांना काढून टाकले, तेव्हा ऊर्ट यांनी निषेध म्हणून पद सोडले आणि ते वेलूवेच्याच परिसरातल्या हुल्सहॉर्स्ट या खेड्यात जाऊन राहिले. अमेरिकेत ग्रोट रेबर नावाच्या एका अभियंत्याने घरामागच्या अंगणात थाळी बांधून आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरी नोंदवल्या होत्या. त्याचा लेख असलेले नियतकालिक व्यापलेल्या हॉलंडमध्येही कसेबसे येऊन पोचले. ऊर्ट यांनी तो लेख वाचला. रेडिओ लहरींना धूळ अडवत नाही हे त्यांनी ताडले, पण त्यांना त्याहून जास्त हवे होते. रेडिओ लहरींत एखादी ठरावीक लांबीची रेषा असती, तर वायू आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, आणि किती वेगाने, हे तिच्या सरकण्यावरून मोजता आले असते. पंचवीस वर्षांच्या हेन्ड्रिक व्हान दे हुल्स्ट या विद्यार्थ्याला त्यांनी सांगितले, अशी रेषा असू शकते का ते बघ.

एप्रिल १९४४ मध्ये लायडनच्या वेधशाळेत डच खगोलशास्त्रज्ञांची छोटी बैठक झाली. व्हान दे हुल्स्ट यांनी तिथे आपले उत्तर मांडले. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही स्वतःभोवती फिरकी असते. दोन्ही फिरक्या एकाच दिशेच्या असल्या तर अणूकडे किंचित जास्त ऊर्जा असते. इलेक्ट्रॉनने फिरकी उलटवली की तेवढी ऊर्जा २१ सेंटीमीटर लांबीच्या लहरीच्या रूपाने बाहेर पडते. एकटा अणू असा पालटायला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त काळ घेतो. पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका अफाट आहे, की कुठे ना कुठे अणू पालटतच असतात. ही सगळी शक्यता कागदावर मांडलेली होती. देशात अन्नाची टंचाई, परका अंमल, आणि या लोकांनी ताऱ्यांमधल्या गार वायूची लहर मोजायचे ठरवले. मला या बैठकीचे फार मोल वाटते.

युद्ध संपल्यावर डच मंडळींनी कोटवाइकची थाळी या कामाला जुंपली. १९५० मध्ये तिथे आग लागली आणि जुळवत आणलेले ग्राहकयंत्र जळून गेले. लेक्स मुलर या अभियंत्याने ते नव्याने बांधायला घेतले. दरम्यान हार्वर्डमध्ये हॅरल्ड युअन हा विद्यार्थी एडवर्ड पर्सेल यांच्या हाताखाली तीच लहर शोधत होता. त्याला पाचशे डॉलरचे अनुदान मिळाले होते. त्याने प्लायवुडचा एक मोठा कर्णा बनवून त्याला आतून तांब्याचा पत्रा लावला आणि तो प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढला. पाऊस आला की पाणी थेट आत यायचे, आणि हिवाळ्यात खालून जाणारी पोरे त्या कर्ण्यात नेम धरून बर्फाचे गोळे टाकायची. २५ मार्च १९५१ रोजी या कर्ण्याने हायड्रोजनची रेषा पकडली. योगायोग असा, की व्हान दे हुल्स्ट त्या वेळी हार्वर्डमध्येच पाहुणे म्हणून आलेले होते. अमेरिकी जोडीने निकाल लगेच छापला नाही. डचांना कळवले, यंत्राची युक्ती सांगितली आणि त्यांच्या मोजणीची वाट पाहिली. ११ मे रोजी कोटवाइकच्या थाळीलाही रेषा दिसली. सिडनीत विल्बर क्रिस्टियनसेन आणि जिम हिंडमन यांनी घाईघाईने यंत्र जोडून तिसरी साक्ष दिली. शर्यत जिंकत आलेल्या माणसाने थांबून मागच्याला हात द्यावा, असे विज्ञानातही रोज घडत नाही.

यातल्या क्रिस्टियनसेन यांचा आपल्याकडे एक धागा आहे. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे त्यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी छोट्या थाळ्यांची रांग उभारली होती. १९५३ साली भारतातून गेलेला एक तरुण तिथे शिकला. तो म्हणजे गोविंद स्वरूप. जुन्या झालेल्या त्या बत्तीस थाळ्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या आणि १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या स्वरूप यांच्या गटाने त्या कल्याणजवळ मांडल्या. पुढे नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटरच्या तीस थाळ्यांची जी महाकाय दुर्बीण झाली, तिची मुळाक्षरे कल्याणला गिरवली गेली. ज्या हातांनी हायड्रोजनच्या रेषेची तिसरी साक्ष दिली, त्यांच्याच थाळ्या ठाणे जिल्ह्यात सूर्याकडे पाहत होत्या, हे कल्याणहून जाताना मला दर वेळी आठवते.

पुन्हा नेदरलंड्सकडे वळतो. पुढची काही वर्षे डच आणि ऑस्ट्रेलियन गटांनी मिळून आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा नकाशा काढला. उत्तरेचे आभाळ एकाकडे, दक्षिणेचे दुसऱ्याकडे. दोन्ही तुकडे जोडून १९५८ मध्ये जो नकाशा छापला गेला, त्यात सर्पिल बाहूंचे तुकडे पहिल्यांदा सलग दिसले. पण नकाशाचा मध्य काही केल्या जुळेना. १९५६ मध्ये ड्विंगेलो इथे २५ मीटरची नवी दुर्बीण राणी युलियाना यांच्या हस्ते सुरू झाली होती. १९५७ साली ह्यूगो व्हान वुर्डेन, रूगूर आणि ऊर्ट यांनी एक विचित्र गोष्ट जाहीर केली. केंद्रापासून सुमारे तीन किलोपार्सेकवर, म्हणजे साधारण दहा हजार प्रकाशवर्षांवर, हायड्रोजनचा एक लांबलचक बाहू होता. बरोबर केंद्राच्या दिशेला पाहिले तर हा वायू सेकंदाला ५३ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत होता.

यात विचित्र काय, ते घाण्यावरून सांगतो. तेलाच्या घाण्याचा बैल गोल फिरतो. आपण घाण्याच्या बाहेर उभे राहून मधल्या उखळाकडे सरळ पाहिले, तर बैल आपल्या आणि उखळाच्या मधून जाताना डावीकडून उजवीकडे जातो. त्या क्षणी तो आपल्या जवळ येत नाही आणि दूरही जात नाही. आकाशगंगेतला वायू गोल फिरत असेल, तर केंद्राच्या रेषेत त्याचा आपल्याकडचा वेग शून्य यायला हवा. इथे तर ५३ आला. आणि हा वायू केंद्राच्या अलीकडेच आहे याबद्दल शंका नव्हती, कारण केंद्रातल्या धनू-अ या रेडिओ स्रोताच्या लहरी तो वाटेत शोषत होता. केंद्राच्या पलीकडचा काही वायू सेकंदाला १३५ किलोमीटरने दूर जाताना सापडला. अलीकडचा अलीकडे येतो, पलीकडचा पलीकडे जातो. ऊर्ट यांनी त्यातून सरळ अर्थ काढला. केंद्रातून वायू बाहेर फेकला जातो आहे, तिथे काहीतरी प्रचंड उद्रेक झालेला असावा.

मागे वळून पाहताना या निष्कर्षाला चूक म्हणणे सोपे आहे. पण त्या दिवसांत त्याचे वजन मोठे होते. दीर्घिकांच्या केंद्रात स्फोटक घडामोडी होतात, हे तेव्हाच उजेडात येत होते. मार्च १९६३ मध्ये ऊर्ट यांचेच विद्यार्थी मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ हा क्वेसार किती दूर आहे ते ओळखले आणि केंद्रातून किती अफाट ऊर्जा निघू शकते हे जगाला दिसले. आपल्याच अंगणात तशा उद्रेकाची खूण सापडली असेल, तर ती कोणाला नको होती? एवढा वायू सतत बाहेर पडत असेल, तर केंद्र रिकामे कसे होत नाही, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

त्याच मार्च महिन्यात कॅनबेरात आकाशगंगेवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. तिथे जेरार द व्होकूलर उभे राहिले. पॅरिसमध्ये जन्मलेले हे गृहस्थ १९५१ मध्ये पत्नी आंत्वानेतसह ऑस्ट्रेलियात आले होते. दोघेही खगोलशास्त्रज्ञ होते. माउंट स्ट्रॉम्लोच्या तीस इंची रेनॉल्ड्स दुर्बिणीने जेरार यांनी दक्षिण आभाळातल्या तेजस्वी दीर्घिका एकेक करून तपासल्या. मोठा मॅगेलन मेघ, ज्यात दांडा उघड दिसतो, तोही त्यांच्या अभ्यासात होता. शेकडो दीर्घिका नजरेखालून गेल्यावर त्यांना हबलची दोन रांगांची मांडणी अपुरी वाटू लागली. दांडा असलेल्या आणि नसलेल्या यांच्या मधे अर्धवट दांड्याच्या दीर्घिका भरपूर होत्या. १९५९ मध्ये त्यांनी त्यांच्यासाठी मधला वर्ग केला.

ज्याने इतकी चेहरेपट्टी पाहिली आहे, त्याला आपल्या आकाशगंगेचे वेग ओळखीचे वाटले यात नवल नाही. द व्होकूलर यांनी मांडले, की स्फोटाची गरजच नाही. मध्यभागी दांडा असेल, तर त्याच्या आसपासचा वायू गोल फिरूच शकत नाही. तो दांड्याच्या लांबीने ताणलेल्या मार्गांवरून फिरतो. घाण्याची वाट लंबगोल करा आणि ती आपल्या नजरेला तिरकी ठेवा. आता बैल उखळाच्या अलीकडून जाताना आपल्याकडे येताना दिसेल. तो घाणा सोडून पळालेला नाही, फेरी पुरी करून परत जाणारच आहे. अलीकडचा वेग, पलीकडचा वेग, दोन्ही एका दांड्याने सुटतात, आणि केंद्रही रिकामे होत नाही.

उत्तर बरोबर होते. तरी ते जवळपास तीस वर्षे बाजूला राहिले. कोणी द्वेषाने दाबले असे नाही. द व्होकूलर यांचा आधार साधर्म्याचा होता. इतर दीर्घिकांत असे दिसते, म्हणून इथेही तसेच असावे. दांड्यातला एक ताराही ते बोटाने दाखवू शकत नव्हते, कारण मधे धूळ होती. आणि समोर ऊर्ट होते. आकाशगंगा फिरते हे ज्याने सिद्ध केले, तिच्या वायूचा नकाशा ज्याने काढवला, त्याच्या शब्दाला किंमत असणारच. १९७७ सालीसुद्धा केंद्राबद्दलच्या आपल्या मोठ्या आढाव्यात ऊर्ट बाहेर फेकलेल्या वायूची शक्यता गंभीरपणे तोलत होते. माझ्या मते अडचण एका माणसाच्या अधिकाराची नव्हती. दांडा डोळ्याला दिसत नव्हता आणि न दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा स्फोट कल्पनेत आणणे सोपे होते.

मधल्या काळात दांडा भलत्याच ठिकाणी दिसू लागला, आणि तो म्हणजे संगणकात. १९७०च्या सुमारास फिरत्या तबकडीत हजारो तारे मांडून त्यांचे परस्पर गुरुत्वाकर्षण मोजत पुढे जाणे शक्य झाले. नासाच्या लँगली केंद्रात फ्रँक होल यांनी एक लाख ताऱ्यांची तबकडी फिरवली. काही फेऱ्यांतच तबकडीच्या मधोमध दांडा तयार व्हायचा. कसेही मांडा, दांडा होतोच. १९७३ मध्ये जेरेमिया ऑस्ट्रायकर आणि जेम्स पीबल्स यांनी दीडशे ते पाचशे बिंदू घेऊन हाच खेळ केला आणि त्यातून मोठा निष्कर्ष काढला. आपल्या आकाशगंगेसारखी थंड, पातळ तबकडी एकटी टिकत नाही, ती दांड्यात कोसळते. टिकवायची असेल तर तिच्याभोवती तबकडीइतकेच वस्तुमान असलेले गोलाकार आवरण हवे. आज आपण ज्याला कृष्णद्रव्याचे प्रभामंडल म्हणतो, त्याच्या बाजूने उभा राहिलेला हा एक भक्कम युक्तिवाद होता. नंतर आपल्या आकाशगंगेतच दांडा निघाला, तरी प्रभामंडल आपल्या जागी राहिले. त्याच्या बाजूने तोवर पुष्कळ स्वतंत्र पुरावे जमले होते. पण त्या वर्षांत दांडा म्हणजे टाळायची आपत्ती मानली जात होती. आपल्या घरात ती आधीच होऊन गेली असेल, हे मनात यायला वेळ लागला.

१९९१ हे या गोष्टीतले वळण. त्या वर्षी जेम्स बिनी, ऑर्टविन गेरहार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्राजवळच्या कार्बन मोनॉक्साइड वायूचे वेग दांड्याच्या गणितात बसवून पाहिले. आकाशातली जागा आडवी आणि वेग उभा अशा आलेखावर तो वायू एका तिरक्या समांतरभुज चौकोनात मांडला जायचा, आणि त्याचा अर्थ कोणाला लागत नव्हता. दांड्याच्या लांबीने ताणलेल्या मार्गांतला सर्वांत आतला मार्ग असा असतो, की त्याच्या आत आलेला वायू स्वतःवरच आदळतो आणि केंद्राकडे घसरतो. ती कड काढली की नेमका तोच चौकोन येत होता. गोल मार्गांनी तो कधीच आला नसता.

त्याच वर्षी अमेरिकेत लिओ ब्लिट्झ आणि डेव्हिड स्पर्गेल यांनी ताऱ्यांच्या बाजूने पुरावा दिला. नवे निरीक्षण त्यांनी केले नव्हते. जपानमधल्या मात्सुमोतो यांच्या गटाने फुग्यातून यंत्र वर पाठवून केंद्राकडचे अवरक्त तेज मोजले होते. ते मोजमाप १९८२ मध्ये छापून झाले होते. अवरक्त किरण धुळीतून बऱ्यापैकी पार होतात. ब्लिट्झ आणि स्पर्गेल यांनी केंद्राच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे तेज शेजारी ठेवले. मधला फुगवटा गोल असता तर दोन्ही बाजू सारख्या आल्या असत्या. पण एक बाजू जास्त उजळ होती. दांड्याचे एक टोक आपल्या जवळ आहे, म्हणून ते मोठे आणि तेजस्वी दिसते. नऊ वर्षे हे आकडे सगळ्यांच्या हाताशी होते.

त्यानंतर साक्षीदारांची रीघ लागली. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबी उपग्रहाने आख्ख्या आकाशगंगेचे अवरक्त चित्र काढले. त्यातही फुगवटा एका बाजूला जाड होता, आणि धुळीचा परिणाम वजा केल्यावर तो शेंगदाण्याच्या शेंगेसारखा दिसला, मधे आवळलेला. १९९४ मध्ये पोलंडच्या ओगल प्रकल्पातून फार सुंदर पुरावा आला. ही मंडळी चिलीतून गुरुत्वीय भिंगाचे परिणाम शोधत होती आणि त्यासाठी केंद्राकडच्या लाखो ताऱ्यांचे तेज रोज नोंदवत होती. त्या गर्दीत लाल रंगाच्या राक्षसी ताऱ्यांचा एक प्रकार असा आहे, की त्यांचे मूळ तेज जवळपास सारखे असते. चाळीस वॅटचे सगळे बल्ब सारखेच, तर मंद दिसतो तो लांबचा. केंद्राच्या एका बाजूचे हे तारे पद्धतशीर उजळ निघाले आणि दुसऱ्या बाजूचे मंद. म्हणजे एक बाजू आपल्या जवळ, दुसरी लांब. दांड्याचे अंतर आता ताऱ्यांनीच सांगितले.

२००५ मध्ये रॉबर्ट बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पिट्झर अवरक्त दुर्बिणीने तीन कोटी तारे मोजले आणि दांड्याची लांबी सुमारे २७,००० प्रकाशवर्षे सांगितली. २०१९ मध्ये गाया यानाच्या मोजमापांतून काढलेल्या ताऱ्यांच्या नकाशात दांडा थेट उमटला. आजच्या मोजमापांनुसार त्याची लांबी त्याहूनही थोडी जास्त, तीस-बत्तीस हजार प्रकाशवर्षांच्या आसपास येते. सूर्यापासून केंद्राकडे जाणाऱ्या रेषेशी तो तीस अंशांच्या जवळपासचा कोन करतो, आणि अख्खा दांडा एक फेरी साधारण पंधरा-सोळा कोटी वर्षांत पुरी करतो.

आपल्याला तो कुठे दिसेल? मेच्या अखेरीस, पाऊस यायच्या आधी, सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर अमावास्येच्या आसपास मुक्काम करा. रात्री दोनच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून बसा. क्षितिजापासून चाळीस-पंचेचाळीस अंश वर, मूळ आणि पूर्वाषाढा यांच्या मधे, आकाशगंगेचे केंद्र असते. उजवीकडे वृश्चिकाची नांगी म्हणजे मूळ नक्षत्र. साधारण त्या दिशेला दांड्याचे लांबचे टोक आहे, आपल्यापासून चाळीस हजारांहून जास्त प्रकाशवर्षांवर. आता आकाशगंगेच्या पट्ट्यावरून नजर डावीकडे वर न्या, गरुडाच्या थोडी खाली, ढाल नावाच्या लहानशा तारकासमूहाकडे. तिथल्या दिशेला दांड्याचे जवळचे टोक आहे, चौदा-पंधरा हजार प्रकाशवर्षांवर. ढालीपाशी आकाशगंगा दाट आणि दुधट दिसते. ते जवळच्या ताऱ्यांचे ढग आहेत, दांडा त्यांच्या आणि धुळीच्या मागे आहे. डोळ्यांना तो दिसणार नाही. पण कोणत्या पट्टीवर तो आडवा झाला आहे हे माहीत असले, की तेच आभाळ खोल वाटू लागते. मूळ नक्षत्राचे नाव आणि केंद्राची जागा यांचा मेळ हा योगायोग आहे. नाव देणाऱ्यांना नांगीतले तारे दिसत होते, आणि तेवढेच पुरेसे सुंदर आहे.

या सगळ्यात एक हिशेब अपुरा होता. दांडा दोन्ही बाजूंना सारखा असतो. केंद्राच्या अलीकडे ५३ किलोमीटरच्या वेगाने येणारा बाहू असेल, तर पलीकडे त्याचा जोडीदार हवा, जवळपास त्याच वेगाने दूर जाणारा. तो १९५७ पासून कोणाला दिसला नव्हता. पूर्वी सापडलेला १३५ किलोमीटरचा वायू त्या जोडीत बसत नव्हता.

टॉम डेम आणि पॅट्रिक थॅडियस हे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये काम करत. ज्या गावात युअनचा कर्णा खिडकीबाहेर काढला गेला होता तेच हे गाव. त्यांच्या गटाच्या दोन दुर्बिणी होत्या, जेमतेम १.२ मीटरच्या, एक केंब्रिजमध्ये आणि एक चिलीत. त्यांनी वर्षानुवर्षे कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा काढला होता. २००८ मध्ये डेम चिलीतल्या त्या जुन्या नोंदी पुन्हा चाळत होते. ज्या वेगांच्या पट्ट्यात काही नाही असे सगळे धरून चालले होते, तिथे एक फिकट, सरळ, तिरकी रेघ होती. अलीकडच्या बाहूच्या रेघेला समांतर. जाडीला त्याच्या निम्मी, कारण अंतर दुपटीहून थोडे जास्त. केंद्राच्या रेषेत तिचा वेग त्यांनी वाचला. सेकंदाला ५६ किलोमीटर, आपल्यापासून दूर.